घर वाचवायला डीआरटीत ‘एसए’: नागपुरातल्या कर्जदाराला ही वाट किती उपयोगी?

होम लोन थकले आणि बँकेची नोटीस आली की नागपुरात बऱ्याच जणांचे पाय आधी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाकडे वळतात. मनाईहुकमाचा दावा टाकू, केस पाच-सात वर्षे चालेल, तोवर घर आपलेच, असा हिशेब मनात असतो. हा हिशेब २००२ सालीच मोडला. त्या वर्षीच्या सरफेसी कायद्याच्या कलम ३४ ने दिवाणी न्यायालयाचे दार या विषयापुरते लावून घेतले. बँकेची कारवाई मुळातच कपटाची आहे असे दाखवता आले तरच थोडी फट उरते. या कायद्याखाली घर विकायला बँकेला आधी कोर्टात जावे लागत नाही. कोर्टात जावे लागते घरमालकाला, आणि ते कोर्ट म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, बोलीभाषेत डीआरटी. विदर्भातल्या घरांसाठी ते नागपुरातच आहे. तिथे कलम १७ खाली जो अर्ज होतो त्याला वकील, बँकवाले, कारकून सगळे ‘एसए’ म्हणतात. कर्जदाराच्या दृष्टीने ही सोय कशी आहे, तिच्यात काय मिळते आणि कुठे माणूस फसतो, ते इथे पाहू.

आधी मत सांगतो. बँकेने नियम मोडला असेल आणि तुमच्याकडे त्याचा कागद असेल, तर एसएइतका नेमका आणि स्वस्त उपाय दुसरा नाही. न्यायाधिकरण बँकेची पावले बेकायदा ठरवू शकते, घेतलेला ताबा परत द्यायला लावू शकते, कलम १९ खाली नुकसानभरपाईही देऊ शकते. पण नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, धंदा बसला, ही कारणे कितीही खरी असली तरी एवढ्यावर एसए जिंकता येत नाही. न्यायाधिकरण पाहते ते बँकेने कायदा आणि २००२ चे अंमलबजावणी नियम पाळले की नाही. या कारणांसाठी सवलत मागायची ती बँकेकडे, तडजोडीच्या टेबलावर. हा फरक न समजल्यामुळे लोक दहा पानांचा अर्ज दुःखाने भरतात आणि नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते मात्र लिहीत नाहीत.

फीचा धसका घेऊ नका. कर्जदाराने भरायची फी थकलेल्या रकमेवर ठरते. रक्कम ₹१० लाखांच्या आत असेल तर दर लाखाला ₹५००. ₹१० लाख किंवा वर असेल तर ₹५,००० आणि दहा लाखांपुढच्या प्रत्येक लाखाला ₹२५०, कमाल ₹१ लाख. लाखाचा तुकडाही पूर्ण लाख धरतात. म्हणजे नोटिशीत ₹२८ लाख ४० हजार मागितले असतील तर दहाच्या वरचे १९ लाख धरून फी ₹९,७५० होते. ₹८ लाखांच्या थकबाकीला ₹४,०००. अर्जदार कर्जदार नसेल, उदाहरणार्थ ज्याचा हिस्सा न विचारता गहाण टाकला गेला असा भाऊ, तर फी आणखी कमी. ‘डीआरटीत वीस लाखांच्या खालची केस चालत नाही’ असे सांगणारे भेटतील. ती मर्यादा बँकेने वसुलीसाठी टाकायच्या अर्जाची आहे, तुमच्या एसएची नाही. वकिलाची फी अर्थातच वेगळी. मसुद्याची किती, प्रत्येक तारखेची किती आणि अंतरिम अर्जाची किती, हे सुरुवातीलाच लिहून घ्या.

सगळा खेळ तारखांचा आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरते. मग कलम १३(२) ची मागणी नोटीस येते. तिच्यात ६० दिवसांची मुदत असते आणि मागणी थकलेल्या हप्त्यांची नसून पूर्ण कर्जाची असते. या नोटिशीविरुद्ध डीआरटीत जाता येत नाही. म्हणून बहुतेक जण हे ६० दिवस हातावर हात ठेवून घालवतात, आणि पुढचे निम्मे नुकसान तिथेच होते. या काळात दोन कामे करायची असतात. एक, थकलेले सर्व हप्ते व त्यावरचे व्याज भरून खाते नियमित करता येते का ते पाहणे. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकानुसार संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय एनपीएचा शिक्का निघत नाही. तीनपैकी दोन हप्ते भरून काही साधत नाही, पैसे मात्र जातात. भरण्याआधी ‘एवढे भरल्यावर कारवाई मागे घेऊ’ हे शाखेकडून लेखी घ्या. दोन, कलम १३(३ए) खाली हरकत पाठवणे. बँकेने तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायला हवे. २०१८ च्या ब्लू कोस्ट हॉटेल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तर बंधनकारक असल्याचे सांगितले. पण त्याच निकालात, कर्जदाराला वारंवार संधी मिळाली होती आणि त्याने शब्द पाळले नव्हते म्हणून, उत्तर न देऊनही कारवाई टिकली. तेव्हा हरकत लिहिताना खोटी आश्वासने देऊ नका. ‘पुढच्या महिन्यात सगळे भरतो’ हे वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवले जाते.

हरकतीत मुद्दे हवेत. अमुक तारखेचा अमुक हप्ता जमा दाखवलेला नाही. एनपीएची तारीख चुकीची आहे. दंडव्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावले आहे. शेवटचा मुद्दा रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर जास्त वजनदार झाला आहे, कारण आता दंड हा शुल्क म्हणून घ्यायचा असतो, व्याज म्हणून नाही, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हे पकडायचे तर खात्याचा उतारा पहिल्या वितरणापासूनचा हवा, गेल्या सहा महिन्यांचा नव्हे. हरकत स्पीड पोस्टाने, नोटिशीवर सही असलेल्या ऑथोराइज्ड ऑफिसरच्या नावाने पाठवा, शाखेतही एक प्रत देऊन शिक्का घ्या, आणि पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट त्याच आठवड्यात काढून ठेवा.

साठ दिवस उलटले की कलम १३(४) ची ताबा नोटीस दारावर चिकटते. बहुतेक वेळा हा कागदावरचा, म्हणजे सिम्बॉलिक ताबा असतो; तुम्ही घरातच राहत असता. लोक म्हणतात, अजून कुलूप कुठे लागले? पण एसए दाखल करायच्या ४५ दिवसांचे घड्याळ इथेच सुरू होते. कागदी ताब्यालाही आव्हान देता येते, प्रत्यक्ष ताब्याची वाट पाहायची गरज नाही, हे २०१८ च्या हिंडन फोर्ज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. ४५ दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजा. ती हातात पडल्याच्या तारखेवरून वाद घालता येतो, पण तो वाद मुदतीत आल्यावर घालावाच लागत नाही.

आता बँकेच्या चुका नेमक्या कुठे सापडतात ते.

पहिली जागा म्हणजे सहकर्जदार. नवरा-बायकोचे संयुक्त कर्ज असते, नोटीस दोघांच्या नावे निघते, पण पाकीट एकाच्याच हाती पडलेले असते किंवा जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर जाऊन परत आलेले असते. प्रत्येक कर्जदाराला आणि जामीनदाराला नोटीस बजावल्याचा पुरावा बँकेकडे मागा. पाकिटे फेकू नका. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का नोटिशीइतकाच मोलाचा असतो.

दुसरी जागा मालमत्तेचे वर्णन, आणि नागपुरात ही फार सुपीक जागा आहे. मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका क्रमांक, प्लॉट क्रमांक, चतुःसीमा हे सगळे विक्रीपत्राशी ओळीने ताडून पाहा. नागपूर सुधार प्रन्यासच्या गुंठेवारीतले ५७२ आणि १९०० लेआउट, त्यांची आरएल, म्हणजे नियमितीकरणाची, पत्रे, लेआउट नियमित झाल्यावर बदललेले प्लॉट क्रमांक, प्रन्यासचे लीजचे भूखंड, यामुळे बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरीकडच्या कागदांत घोळ राहतात. खसरा चुकला तर तो नुसता टायपिंगचा दोष आहे की दुसऱ्याच जागेवर नोटीस गेली, हे नकाशासकट दाखवा. नुसती अक्षराची चूक दाखवून कारवाई पडत नाही. शहराच्या कडेची जमीन असेल तर सातबारा आणि अकृषक आदेश दोन्ही काढा. शेतजमिनीला सरफेसी लागू होत नाही, पण ती खरोखर शेतीत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. उताऱ्यावर नुसते ‘जिरायत’ लिहिलेले पुरत नाही.

तिसरी जागा वर्तमानपत्र. ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत दोन प्रमुख दैनिकांत नोटीस छापावी लागते, त्यातले एक त्या भागात पुरेसा खप असलेले प्रादेशिक भाषेतले. नागपुरात एक इंग्रजी आणि एक मराठी, अशी जोडी सहसा दिसते. जाहिरातीचे कात्रण तारखेसह पूर्ण पानाचे ठेवा. आठव्या-नवव्या दिवशी छापले असेल तर मुद्दा घ्या. जाहिरात हिंदी दैनिकात आली म्हणून कारवाई रद्द होईल, या आशेवर मात्र राहू नका. नियमात मराठी असा शब्द नाही.

चौथी जागा राखीव किंमत. लिलावाआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन घ्यायचे असते. रेडी रेकनरचा दर, त्याच इमारतीतल्या किंवा लेआउटमधल्या गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन विक्रीपत्रांची सूची क्रमांक २ (इंडेक्स-२), आणि शक्य असल्यास स्वतःच्या मूल्यांककाचा अहवाल, हे एकत्र जोडले की ‘किंमत कमी धरली’ हे वाक्य पुरावा बनते. राखीव किमतीच्या खाली विकायचे तर बँकेबरोबर तुमचीही संमती लागते.

पाचवी जागा मुदती. लिलावाआधी कर्जदाराला ३० दिवसांची विक्री नोटीस द्यावी लागते. पहिला लिलाव फसून पुन्हा ठेवला तर १५ दिवस. बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची आणि बाकीची विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. लिलाव झाल्यावरही या तारखा मागून घ्या. तिथे चूक निघाली तर विक्री हलते.

आणखी दोन गोष्टी झटपट तपासा. कर्ज बहुतेक फिटले असेल आणि राहिलेली रक्कम मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर सरफेसी लागूच होत नाही. आणि बँकेने गहाणाची नोंद सरसाईच्या (सीईआरएसएआय, तारणांची नोंद ठेवणारी संस्था) केंद्रीय नोंदवहीत केली नसेल तर २४ जानेवारी २०२० पासून तिला ही कारवाई करता येत नाही. सरसाईचा शोध ऑनलाइन घेता येतो.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे तुमचे म्हणणे ऐकले जाईल असे समजून तयारी करू नका. ते फक्त बँकेचे नऊ मुद्द्यांचे शपथपत्र पाहून आदेश देतात, मग तहसील कार्यालयामार्फत किंवा नेमलेल्या वकिलामार्फत, पोलीस बंदोबस्तात ताबा घेतला जातो. आदेशाची आणि शपथपत्राची प्रमाणित प्रत मात्र लगेच मागा, कारण शपथपत्रातली चुकीची विधाने एसएमध्ये कामी येतात. हरकतीला उत्तर दिल्याचे शपथपत्रात म्हटले आहे आणि प्रत्यक्षात उत्तर आलेलेच नाही, अशी विसंगती पकडण्यासारखी असते. ‘आदेश ६० दिवसांनंतर निघाला म्हणून रद्द’ हा मुद्दा २०२० च्या सी. ब्राइट निकालानंतर चालत नाही. त्यावर पाने खर्च करू नका.

एसएबरोबर स्थगितीचा वेगळा अंतरिम अर्ज लागतो. नुसता एसए दाखल झाल्याने लिलाव थांबत नाही. बँकेने कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, टाकले असेल तर तिला प्रत देऊन मगच सुनावणी होते, म्हणून लिलावाच्या आदल्या संध्याकाळी दाखल केलेला अर्ज बहुधा वाया जातो. लिलावाच्या किमान दहा-बारा दिवस आधी तरी अर्ज आत असावा. स्थगिती देताना बऱ्याचदा काही रक्कम ठरावीक दिवसांत भरण्याची अट घातली जाते. ती रक्कम कुठून आणणार हे सुनावणीला जाण्याआधी घरात बसून ठरवा. अट मान्य करून पैसे न भरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. स्थगिती आपोआप उठते आणि दुसऱ्यांदा मागताना तोंड उरत नाही.

वेगाच्या बाबतीत या सोयीला चांगले गुण देता येत नाहीत. कायद्यात एसए ६० दिवसांत, फार तर चार महिन्यांत निकाली काढायचे लिहिले आहे, पण त्या मुदतीवर भरवसा ठेवून बेत आखू नका. पीठासीन अधिकाऱ्याचे पद रिकामे असेल आणि लिलाव तोंडावर आला असेल, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट करून तेवढ्यापुरते संरक्षण मागता येते, आणि त्या परिस्थितीत ते मागणे योग्यच आहे. न्यायाधिकरण सुरू असताना थेट रिट करण्यात अर्थ नाही. २०१० च्या सत्यवती टंडन निकालापासून सर्वोच्च न्यायालय उच्च न्यायालयांना हेच बजावत आले आहे. थेट रिट फेटाळली जाते तोवर तुमचे ४५ दिवसही संपत आलेले असतात.

डीआरटीत हरलात तर ३० दिवसांत अपील करता येते, पण ते मुंबईच्या अपिली न्यायाधिकरणात, आणि तिथे थकबाकीची ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ती कमी करून मिळाली तरी २५ टक्क्यांच्या खाली येत नाही. ₹३० लाखांच्या थकबाकीला किमान साडेसात लाख. नागपूरच्या पगारदार कुटुंबाला ही रक्कम म्हणजे जवळपास बंद दार. म्हणून पहिल्या अर्जातच सगळे मुद्दे आणि सगळे कागद जायला हवेत. ‘पुढे पाहू’ म्हणून राखून ठेवलेला मुद्दा पुढे कामाला येत नाही.

घर सोडवायची शेवटची वेळही लक्षात ठेवा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे पूर्ण थकबाकी व खर्च भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर २०२३ च्या सेलिर निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कडक शब्दांत सांगितले. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन पोहोचलो तर बँक नाही म्हणणार नाही, हा जुना समज आता घर घालवतो.

तडजोडीचेही तसेच. एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, हा कर्जदाराचा हक्क नाही. बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२१ मध्ये हे ठरले. तरीही चांगला एसए हातात असेल तर तडजोडीत तुमचे वजन वाढते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर अनेक घरे निकालाने नाही, या वजनाने वाचतात. ओटीएसचे पत्र आल्यावर त्यातली प्रत्येक तारीख पाळा, आणि खाते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाईल की बंद, हे आधी विचारा. पुढच्या कर्जाच्या वेळी तो शब्द आडवा येतो.

ही वाट कोणासाठी नाही तेही सांगायला हवे. कर्ज पतसंस्थेचे असेल तर सरफेसीचा संबंध नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, आणि त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर निम्मी रक्कम भरावी लागते. नागरी सहकारी बँकेचे असेल तर मात्र सरफेसी लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो वाद संपवला. एनबीएफसीने, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीने, घर तारण घेऊन ₹२० लाखांहून कमी कर्ज दिले असेल तर तिला सरफेसी वापरता येत नाही. गृहवित्त कंपन्यांचे नियम वेगळे, त्यांना ही सूट लावू नका. वसुली एजंटांचा त्रास, रात्रीचे फोन, शेजाऱ्यांसमोर अपमान यांसाठी बँकेकडे लेखी तक्रार आणि मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल हाच मार्ग. एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. पण लोकपालाकडे तक्रार आहे म्हणून ताबा थांबत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत करून ४५ दिवस घालवणे फार वाईट. ‘लोन सेटलमेंट करून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यांना कोऱ्या सहीचे चेक आणि मूळ कागद कदापि देऊ नका. न्यायाधिकरणात उभे राहायचा त्यांना अधिकारही नसतो.

आणि घर विकले गेलेच तर तिथे फाइल मिटवू नका. विक्रीची रक्कम थकबाकी आणि खर्चापेक्षा जास्त आली असेल तर वरचे पैसे तुमचे आहेत, कलम १३(७) तसे सांगते. बँकेकडे पत्र देऊन विक्रीची रक्कम, वजावटीचा तपशील आणि प्रत्येक खर्चाचे बिल मागा: जाहिरात किती, मूल्यांकन किती, सुरक्षारक्षक किती दिवसांचा. ताब्याच्या दिवशी घरात राहिलेल्या सामानाच्या पंचनाम्याची प्रतही त्याच पत्रात मागा, आणि पत्रावर शाखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.